धंतोली ते मेडिकल चौक: सिस्टरांचा पगार, पाळ्या आणि मान – माहितीचा धागा

शिरीषफूल (धागाकर्ती)

नागपुरात एकच शिक्षण आणि एकाच नर्सिंग परिषदेची नोंदणी असताना सिस्टरांचे चार वेगळे पगार आहेत. मिहानच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ वर लागते. मूळ पगार ४४,९००, वर महागाई, नर्सिंग आणि गणवेश भत्ता. मेडिकल आणि मेयो या राज्य सरकारच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) राज्याच्या एस-१३ या वेतनस्तरावर, मूळ ३५,४००. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी स्टाफ नर्सच्या जाहिराती २०,००० च्या निघतात. धंतोली, रामदासपेठेतल्या लहान खासगी दवाखान्यांत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी त्याच्याही बरीच खाली रुजू होते.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २९ जानेवारी २०१६ ला आदेश दिला. त्यातून केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने सांगितलेलं गणित सोपं आहे. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतकाच पगार. १०० च्या वर असतील तर जास्तीत जास्त १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना जास्तीत जास्त २५ टक्के कमी. ५० च्या खाली असतील तरी २०,००० पेक्षा कमी नाही. आपल्या एस-१३ च्या नुसत्या मूळ पगारावर हे लावलं तर अनुक्रमे ३५,४००, ३१,८६० आणि २६,५५० येतात. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोय, येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय हेही सरकारी धर्तीवर असावं असं समितीने लिहिलं. पण ही शिफारस आहे, तिला कायद्याचं बळ राज्याने द्यायचं असतं. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून ते दिलं.

"सिस्टरला मान नाही" हे सगळेच म्हणतात. माझ्या मते मान असतो तो पगारपत्रकात आणि ड्युटी लिस्टमध्ये. तिथे नसेल तर १२ मेला गुलाबाचं फूल देऊन तो येत नाही. म्हणून विनंती अशी की इथे अनुभवकथन नको. आकडे, नियम, कुठे बिघडतं आणि काय करता येतं तेवढं लिहा.

---

हिशेबनीस_महाल

चांगला धागा काढला ताई. पगारपत्रकापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक ठिकाणी पाणी तिथेच मुरतं.

समजा हातात १५,००० सांगितले. पत्रकात बेसिक ७,५०० आणि बाकी "इतर भत्ता" असं तोडलेलं असतं. पीएफ मग ७,५०० वर १२ टक्के, म्हणजे ९०० कापतात. मुलीला वाटतं बरं झालं, कमी कापलं. पण मालकाचाही हिस्सा तितकाच घटतो. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचा. म्हणजे इथे पीएफ १५,००० वर, १,८०० तिचे आणि १,८०० मालकाचे.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे मालकाचा हिस्साही तिच्याच पगारातून कापणं. नेमणुकीच्या वेळी ठरलेल्या पगारातून २४ टक्के जात असतील तर ते सरळ बेकायदेशीर आहे. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) चालू करून पासबुक दर तीन महिन्यांनी उघडून बघा. पत्रकात कपात दिसते आणि पासबुकात रक्कम नाही, असं असेल तर दोन्हीची प्रत घेऊन रघुजीनगरच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या.

ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा): पगार २१,००० पर्यंत असेल आणि दवाखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील तर लागू. तिचा हिस्सा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. १५,००० वर तिचे ११३ रुपये जातात. त्यात घरच्यांचा इलाज, आजारपणातला पगार आणि २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा बसते. "तुम्ही तर दवाखान्यातच आहात, ईएसआय कशाला" असं म्हणून टाळतात, त्याला हो म्हणू नका.

आणि व्यवसाय कर. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तरी जुन्या सॉफ्टवेअरमुळे २०० कापले जाताना दिसतात. पत्रक हातात घ्या आणि अकाउंट्सला विचारा. ब्रदर (पुरुष नर्स) लोकांना मात्र १०,००० च्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० लागतात, ते बरोबर आहे.

---

परिसेविका_हनुमाननगर

तासांबद्दल लिहिते. पगाराइतकाच, कधी कधी पगारापेक्षा जास्त जीव इथे जातो.

एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला किती सिस्टर लागतात? तीन पाळ्या म्हणून तीन, असं उत्तर येतं आणि सगळं कोसळतं. वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्या, १५ हक्काच्या रजा, ८ किरकोळ आणि ८ सणाच्या काढल्या की एका माणसाचे २८२ दिवस उरतात. ३६५ ला २८२ ने भागा, १.३ येतात. तीन पाळ्यांना ३.९, म्हणजे एका जागेला चार माणसं. बाळंतपणाच्या रजा यात धरलेल्याच नाहीत. ज्या दवाखान्यात एका जागेला तीन माणसं आहेत, तिथे एक आजारी पडली की दुसरीची डबल ड्युटी ठरलेली. तिथे इन्चार्ज सिस्टर वाईट आहे म्हणून ऑफ रद्द होत नाही, मुळात माणूसच नसतो.

आता वॉर्डात. जनरल वॉर्डात ६ रुग्णांमागे १ आणि आयसीयूत १ ला १ हे प्रमाण केंद्र सरकारच्या कर्मचारी निरीक्षण पथकाने १९९१-९२ मध्येच सांगितलं. नाइटला एका सिस्टरकडे २० पेशंट दिले तर काय होतं ते बघा. रात्री १० च्या राउंडला प्रत्येकाची दोन इंजेक्शनं धरली तर ४० झाली. वायल फोडून पावडर विरघळवायची, नाव आणि मनगटावरचा बँड जुळवायचा, कॅन्युला (शिरेतली नळी) फ्लश करून बघायची, हळू द्यायचं, लिहायचं. एकाला ४ मिनिटं लागली तर १६० मिनिटं होतात. पहिल्या खाटेला १० ला मिळालं तर शेवटच्या खाटेला १२ वाजून ४० मिनिटांनी. मधे कोणाची सलाइन संपली, कोणाला उलटी झाली, नवीन ॲडमिशन आली, तर आणखी उशीर. मग घाई होते आणि घाईत आधी सुटतं ते बँड जुळवणं. दुसरं, कॅन्युलाची जागा लाल झालीय का ते बघणं. तिसरं, ॲम्प्युलवरचं नाव वाचणं. केसीएल (पोटॅशियम क्लोराइड, सरळ शिरेत गेलं तर जीवघेणं) आणि डिस्टिल्ड वॉटरचे ॲम्प्युल एका ट्रेमध्ये कधीही ठेवू नयेत, ते याचसाठी. केसीएल वेगळ्या कुलपात, लाल लेबल लावून. दुर्दैवाने चूक झाली की कागदावर सही सिस्टरची असते, २० पेशंट देणाऱ्याची नसते.

ओव्हर देण्याचा, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवण्याचा, वेळही कोणी धरत नाही. खाटेजवळ जाऊन ओव्हर द्यायचा म्हटलं तर पेशंटमागे दीड मिनिट लागतं. सलाइन किती उरली, कॅथेटर कितव्या दिवसाचा, ड्रेन किती भरला, कोणता रिपोर्ट यायचाय. त्यापुढे क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील, ऑक्सिजन सिलिंडरचा गेज, नार्कोटिकचं रजिस्टर. २० पेशंटला अर्धा-पाऊण तास. ८ ला सुटणारी मुलगी पावणेनऊला जिना उतरते. हा वेळ ड्युटीत धरला पाहिजे आणि ड्युटी लिस्टवर तसा लिहिला पाहिजे.

---

ऑटोस्टँड_अजनी

परिसेविका ताई, एक विचारतो. लहान दवाखान्यांत सरळ ८ ते ८ अशा दोनच पाळ्या चालवून राहिले. हे चालते का कायद्याने?

---

कामगारकायदा_सिव्हिललाइन्स

अजनीवाले भाऊ, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ च्या व्याख्येत दवाखाना, क्लिनिक, प्रसूतिगृह येतं. २० किंवा जास्त माणसं असतील तर तो नक्की लागू धरा. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो.

आता १२ तास गुणिले ६ दिवस म्हणजे ७२. जास्तीचे २४ तास आठवड्याला, महिन्याला १०४. महिन्याचा पगार २६ दिवस आणि ८ तासांनी भागतात, म्हणजे २०८ तासांचा. १०४ तास दुप्पट दराने झाले २०८ तासांचे. याचा अर्थ बारा तासांची ड्युटी करणाऱ्या सिस्टरला दर महिन्याला बरोबर आणखी एक पूर्ण पगार देणं लागतो. पगार १५,००० असेल तर ओव्हरटाइमचे १५,००० वेगळे. हे गणित कागदावर मांडून मुलींना दाखवा, फार कमी जणींना ठाऊक असतं.

शिवाय पैसे दिले तरी हे चालत नाही, कारण ओव्हरटाइमलाही मर्यादा आहे. ती तीन महिन्यांना १२५ तास होती, वाढवून १४४ केली. इथे तीन महिन्यांचे ३१२ होतात.

महिलांची रात्रपाळी रात्री साडेनऊ ते सकाळी सात धरतात. त्यासाठी तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर येते. त्यात घरापर्यंतची वाहतूकही आली. "मेट्रो आहे ना" हे उत्तर चालत नाही, मेट्रो रात्रभर धावत नाही.

---

तीस_खाटा

मी डॉक्टर, दवाखाना चालवतो, दुसरी बाजू मांडतो. वाद घालायला नाही, पण आकडे दोन्ही बाजूंनी यावेत.

३० खाटांचा दवाखाना. २४ जनरल, ६ आयसीयू. जनरलला ६ मागे १ म्हणजे पाळीला ४. आयसीयूत १ ला १ मला झेपत नाही, २ मागे १ धरतो, पाळीला ३. एकूण ७, तीन पाळ्यांना २१, रजेचे १.३ धरून २७ सिस्टर. प्रत्येकीला २०,००० म्हणजे ५,४०,०००. मालकाचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर शुल्कासह १३ टक्के म्हणजे १,९५० आणि ईएसआय ६५०, मिळून २,६०० प्रत्येकी, ७०,२०० होतात. एकूण ६,१०,२००. खाटा सरासरी ७० टक्के भरल्या तर महिन्याला ६३० रुग्णदिवस. रुग्णामागे दिवसाला साधारण ९७० रुपये फक्त नर्सिंगचे.

सरकारी आरोग्य योजनेच्या पेशंटला पॅकेज ठरलेलं असतं, त्यात हा दर वेगळा लावता येत नाही. विमा कंपन्या बिल कापतात आणि पैसे उशिरा येतात. पगार मात्र ७ तारखेच्या आत द्यायचा असतो.

---

हिशेबनीस_महाल

डॉक्टरसाहेब, आकडे मांडले त्याबद्दल आभार. त्याच कागदावर दुसरी ओळ लिहितो. त्याच २७ जणींना १२,००० दिले तर पगार ३,२४,००० आणि वरचे १६.२५ टक्के (पीएफ १३, ईएसआय ३.२५) मिळून ३,७६,६५०. रुग्णामागे दिवसाला ५९८. म्हणजे समितीने सांगितलेला किमान पगार आणि आजचा कमी पगार यांत रुग्णामागे दिवसाला साधारण ३७० रुपयांचा फरक आहे. बिलात नर्सिंग चार्जेसची वेगळी ओळ असते. ती ओळ आणि हा खर्च शेजारी ठेवून बघावा, एवढंच सुचवतो.

---

तीस_खाटा

मान्य. रोख पेशंटच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. योजनेच्या पॅकेजात नर्सिंगचा दर वेगळा दाखवावा ही मागणी डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी मिळून करायला हवी.

---

कोराडीरोड

सर्टिफिकेटबद्दल कोणी लिहा. रुजू होताना ओरिजिनल ठेवून घेतात आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. सोडायचं म्हटलं की ५० हजार मागतात.

---

कामगारकायदा_सिव्हिललाइन्स

ओरिजिनल कधीच द्यायचं नाही. तपासायला द्यायचं, समोर बसून परत घ्यायचं आणि स्वतः सही केलेली झेरॉक्स ठेवू द्यायची. आधीच दिलं असेल तर आज एक पत्र लिहा: कोणती कागदपत्रं, कोणत्या तारखेला दिली, ती नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सात दिवसांत परत हवीत. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

बाँडची रक्कम लिहिली आहे म्हणून ती आपोआप द्यावी लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. दवाखान्याने तिच्या प्रशिक्षणावर खरोखर काही खर्च केला नसेल तर ५० हजार कशाचे, हे त्यांना सांगावं लागेल. मात्र नोटीस पीरियड पाळा. राजीनामा ईमेलवर, तारखेसह. तोंडी सांगून ड्युटी सोडली की अनुभवाचं पत्र अडकतं.

नेमणूकपत्राचंही तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. पद, पगार, कामाचे तास हे त्यावर हवंच.

---

परिसेविका_हनुमाननगर

यात कपातीचंही लिहा भाऊ. वॉर्डातला पल्स ऑक्सिमीटर हरवला की पाचही सिस्टरांच्या पगारातून वाटून कापतात.

---

कामगारकायदा_सिव्हिललाइन्स

वाटून कापता येत नाही. ती वस्तू त्याच व्यक्तीच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान तिच्याच निष्काळजीपणाने झालेलं असलं पाहिजे आणि आधी तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे. तिन्ही नसेल तर कपात बेकायदा. यासाठीच ओव्हर घेताना इन्व्हेंटरीच्या वहीवर मोजून सही करायची. न मोजता "सर्व बरोबर" लिहिणं बंद करा.

---

सुईसावध

पगाराच्या चर्चेत ही गोष्ट मागे पडते, म्हणून लिहिते. रुजू होताना हेपेटायटिस बीची लस दवाखान्याने द्यायची असते: ०, १ आणि ६ महिने. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) बघायचा, १० च्या वर हवा. निम्म्या मुली दुसऱ्या डोसवर थांबतात, कारण सहा महिन्यांत नोकरी बदललेली असते. लसीचं कार्ड स्वतःजवळ ठेवा.

सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. स्पिरिट, ब्लीच काही लावू नका. इन्चार्जला लगेच सांगा आणि अपघाताच्या वहीत वेळ लिहा. एचआयव्हीची शक्यता असेल तर औषधाचा पहिला डोस दोन तासांच्या आत गेला तर सगळ्यात चांगलं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा. रात्री २ वाजता टोचली तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, सरळ मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा. सरकारी केंद्रांत हे औषध फुकट मिळतं. तुमची तपासणी त्याच दिवशी, मग ६ आठवडे आणि ३ महिन्यांनी.

टोचतं बहुधा टोपण परत लावताना किंवा भरून वाहणाऱ्या पांढऱ्या डब्यात सुई कोंबताना. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. तो बदलायला माणूस नसणं ही व्यवस्थापनाची कसूर आहे, सिस्टरची नाही.

---

ऑटोस्टँड_अजनी

नातेवाइकांच्या मारामारीचं काय? छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहून एका पेशंटमागे आठ-दहा लोक येऊन राहिले. बेड नाही म्हटलं की राग निघतो तो सिस्टरवर.

---

शिरीषफूल

महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्धचा. त्यात परिचारिका आणि नर्सिंगचे विद्यार्थीही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. गडबड अशी होते की तक्रार सिस्टरने स्वतःच्या नावावर द्यावी असं सांगतात. मग घरी फोन, दबाव आणि दोन दिवसांत माघार. फिर्याद संस्थेने द्यायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने एम्स आणि वैद्यकीय महाविद्यालयांना हेच बजावलं: हल्ला झाल्यापासून ६ तासांच्या आत संस्थाप्रमुखाने एफआयआर द्यायचा. खासगीतही हाच नियम नेमणूकपत्रात लिहून मागता येईल. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायला सांगा, बऱ्याच यंत्रांत जुनं आपोआप पुसलं जातं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने. १० पेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

---

परिसेविका_हनुमाननगर

आपल्या उन्हाळ्याचं राहिलं. एप्रिलपासून सरकारी दवाखान्यांत कोल्ड वॉर्ड उघडतो. खाटा वाढतात, पण सिस्टर त्याच, दुसऱ्या वॉर्डातून काढलेल्या. उष्माघाताचा एक पेशंट म्हणजे कपडे काढून अंगावर पाणी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या, गुदद्वारातून तापमान दर १०-१५ मिनिटांनी. ३९ अंश सेल्सिअसच्या खाली आलं की गार करणं थांबवायचं, नाहीतर उलट फार खाली जातं. लघवीचं माप तासातासाला. हा पेशंट १ ला १ चाच आहे. शिवाय वॉर्डातल्या कूलरमध्ये पाणी कोण भरणार हा वाद दर मे महिन्यात होतो. ते अटेंडंटचं काम आहे आणि ड्युटी लिस्टवर त्याच्या नावापुढे लिहिलेलं हवं.

असंच बिनलेखी काम भरपूर आहे. योजनेच्या पेशंटचे फोटो आणि कागद अपलोड करणं, फार्मसीत परत औषधं मोजून देणं, चादरी मोजणं, बिल क्लिअर करायला खालीवर पळणं. एका डिस्चार्जला असा अर्धा-पाऊण तास सहज जातो. आठवडाभर एका वहीत वेळ लिहून बघा, पाळीतला किती भाग खाटेजवळ गेला ते कळेल. वॉर्ड क्लार्क मागायचा असेल तर व्यवस्थापनापुढे हीच वही ठेवायची.

---

कोराडीरोड

सगळं वाचलं, सर्टिफिकेटचं पत्र आजच लिहायला सांगते. एक शेवटचं. चार-पाच जणींना मिळून ओव्हरटाइमची तक्रार करायची तर सोबत काय न्यायचं?

---

कामगारकायदा_सिव्हिललाइन्स

नेमणूकपत्र किंवा ओळखपत्राची झेरॉक्स, मागच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं, ती नसतील तर बँकेचं स्टेटमेंट. ड्युटी लिस्टचे तारखेसह फोटो. ओव्हरच्या वहीतलं फक्त वेळ आणि सही दिसणारं पान. पेशंटचं नाव किंवा आजार दिसत असेल तर ते पान काढू नका, उलट तुमच्यावरच कारवाई होईल. पंचिंगची वेळ मोबाइलवर येत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट. प्रत्येकीचा वेगळा तक्ता करा: महिना, एकूण तास, ४८ च्या हिशेबाने जास्तीचे तास, दर, येणं रक्कम. अर्ज एकत्र, सह्या सगळ्यांच्या, अपर कामगार आयुक्त, नागपूर यांच्या नावाने, दोन प्रतींत. नोकरीवर असतानाच द्या. सोडल्यावरही देता येतो, पण तेव्हा ड्युटी लिस्ट हाती लागत नाही.